निकाल आधी, मुलाखत नंतर

२४ जानेवारी २०२२ रोजी ब्रायन फ्लोरेस या अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षकाच्या मोबाइलवर अभिनंदनाचा एक संदेश आला. पाठवणारे होते बिल बेलिचिक, त्या खेळातले अत्यंत नामांकित प्रशिक्षक आणि फ्लोरेस यांचे एके काळचे वरिष्ठ. न्यूयॉर्क जायंट्स या संघाचं मुख्य प्रशिक्षकपद तुला मिळतंय असं ऐकलं, असा त्याचा आशय होता. फ्लोरेस चक्रावले. जायंट्सकडची त्यांची मुलाखत व्हायची होती २७ तारखेला. तेव्हा त्यांनी विचारलं, हा निरोप आपण नक्की मलाच पाठवताय ना, की ब्रायन डेबल यांना? थोड्या वेळानं बेलिचिक यांनी कबूल केलं, घोटाळा झाला. नेमणूक डेबल यांची होणार होती.

फ्लोरेस कृष्णवर्णीय. आईवडील होंडुरासमधून अमेरिकेत आलेले, स्वतः न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वाढलेले. डेबल गोरे. सगळं कळूनही फ्लोरेस २७ तारखेला मुलाखतीला गेले. दुसऱ्याच दिवशी डेबल यांची निवड जाहीर झाली आणि १ फेब्रुवारीला फ्लोरेस यांनी लीग आणि काही संघ यांच्याविरुद्ध न्यायालयात दावा लावला. जायंट्सचं म्हणणं असं की शेवटच्या क्षणापर्यंत आम्ही फ्लोरेस यांचा गंभीरपणे विचार करत होतो. लीगनं आरोपांत तथ्य नसल्याचं सांगितलं. खरंखोटं न्यायालयानं ठरवायचं. पण मला त्या तीन दिवसांनी विचारात पाडलं. निकाल ठरला आहे अशी खात्री वाटत असताना, इस्त्रीचे कपडे घालून, कागदपत्रांची फाइल घेऊन मुलाखतीच्या खोलीत जाणाऱ्या माणसाच्या मनात काय चालत असेल?

आणि मुख्य म्हणजे, त्याला बोलावलं होतं कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर एका नियमाची गोष्ट सांगावी लागेल.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याला परिचित असलेला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांवर चिलखतासारखे जाडजूड पट्टे आणि अंगावर धावून जाणारे आडदांड खेळाडू असा तो खेळ. तिथल्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्च्याही साऱ्या देशात ३२च. या लीगमधले निम्म्याहून अधिक खेळाडू गेली कित्येक वर्षं कृष्णवर्णीय आहेत. मैदानावर धावायला, धडका द्यायला आणि हाडं मोडून घ्यायला ते चालतात. त्या बत्तीस खुर्च्यांवर मात्र ते क्वचित दिसतात.

हे क्वचित म्हणजे किती क्वचित, तेही पाहा. फ्रिट्झ पोलार्ड या कृष्णवर्णीय खेळाडूनं १९२१ मध्ये अॅक्रन या संघाचं प्रशिक्षकपद सांभाळलं होतं. त्यानंतरचा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, नेमला गेला १९८९ मध्ये. मधली अडुसष्ट वर्षं कोरडी. या अवधीत अमेरिकेनं चंद्रावर माणूस पाठवला, वर्णभेदाचे कायदे रद्द केले. पण एका फुटबॉल संघाची सूत्रं कृष्णवर्णीय माणसाच्या हाती द्यायला मात्र एवढा काळ जावा लागला.

२००२च्या जानेवारीत दोन कृष्णवर्णीय प्रशिक्षकांची नोकरी गेली. टोनी डंजी यांनी टॅम्पा बेच्या एकेकाळच्या रडतखडत चालणाऱ्या संघाला सलग तीन वर्षं बाद फेरीत नेलं होतं. मिनेसोटाच्या डेनिस ग्रीन यांना दहा हंगामांत प्रथमच विजयांपेक्षा पराभव जास्त पाहावे लागले होते. त्याच वर्षी जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी या दोन वकिलांनी एक अहवाल काढला. हे कॉक्रन म्हणजे ओ. जे. सिम्प्सन खटल्यात गाजलेले वकील. अहवालातली आकडेमोड पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॅनिस मॅडन या अर्थशास्त्रज्ञ बाईंची होती. पंधरा हंगामांचा हिशेब मांडून त्यांनी दाखवलं की त्या काळातल्या जेमतेम पाच कृष्णवर्णीय प्रशिक्षकांनी गोऱ्या प्रशिक्षकांपेक्षा हंगामाला सरासरी १.१ सामने अधिक जिंकले. सोळा सामन्यांच्या हंगामात एका सामन्याचा फरक म्हणजे बाद फेरीत जाणं किंवा घरी बसणं. थोडक्यात, काम सरस आणि संधी कमी.

वकिलांनी खटल्याची तयारी ठेवली होती. लीगनं मग एक समिती नेमली. पिट्सबर्ग स्टीलर्सचे मालक डॅन रूनी तिचे अध्यक्ष होते. तिच्या शिफारशींतून २००३ मध्ये जो नियम आला, तो ‘रूनी नियम’ म्हणून ओळखला जातो. नियम असा : मुख्य प्रशिक्षकाची जागा भरताना प्रत्येक संघानं अल्पसंख्य वर्णातल्या किमान एका उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे.

एवढंच. आपल्याकडे आरक्षण म्हटलं की डोळ्यांपुढे बिंदुनामावली येते. कितवी जागा कुणाची हे तक्त्यात आधीच लिहिलेलं असतं. रूनी नियमात असलं काही नाही. एकही जागा राखीव नाही, गुणांची सवलत नाही. ज्याला तुम्ही एरवी बोलावलंच नसतं त्याला आत बोलवा, समोर बसवा, त्याचं म्हणणं ऐका आणि मग हवं त्याला घ्या, एवढंच नियम सांगतो. नोकरीवर हक्क नाही, हक्क फक्त ऐकून घेतलं जाण्याचा.

इतक्या मवाळ नियमालाही विरोध झालाच. पहिला आक्षेप : पैसा मालकाचा, संघ मालकाचा, मग प्रशिक्षक कुणाला नेमायचं हे बाहेरच्यांनी का सांगावं? दुसरा आपल्याही ओळखीचा : निवड गुणवत्तेवर व्हावी, वर्णावर नव्हे. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हे संघ म्हणजे काही सुटीसुटी दुकानं नव्हेत. दूरचित्रवाणीचे हक्क ते एकत्र विकतात, नवे खेळाडू ठरलेल्या क्रमानं वाटून घेतात, खेळाडूंच्या पगारावर एकत्र मर्यादा घालतात. एवढं सगळं नियमानं चालत असेल, तर एक मुलाखत नियमानं घेतल्यानं मालकीला बाध येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावतो. गुणवत्ता हवीच. पण प्रशिक्षकाची गुणवत्ता मोजायची कशी? त्याची लेखी परीक्षा नसते, गुणपत्रिका नसते. तिथं चालते ती शिफारस आणि वर्षानुवर्षांची ओळख. नामवंत प्रशिक्षकाच्या हाताखाली काम केलेल्यांना पुढे संधी मिळते आणि हाताखाली कुणाला घ्यायचं, हे त्या नामवंताच्या मर्जीवर असतं. माइक शॅनहन यांनी आपला मुलगा काइल याला वॉशिंग्टनच्या संघात आक्रमणाचा सूत्रधार नेमलं होतं. पुढे काइल स्वतः सॅन फ्रान्सिस्कोचा मुख्य प्रशिक्षक झाला. मुलगा गुणी निघाला, त्याबद्दल दुमत नाही. पण शिडीच्या मधल्या पायरीवर पाय ठेवायला त्याला कुठल्या नियमाचा आधार लागला नाही. घराचा होता तो पुरला. डॉक्टराचा मुलगा डॉक्टर, नटाचा मुलगा नट हे पाहिलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटायला नको.

त्याखाली आणखी एक जुना थर आहे. या खेळात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू सारी चाल ठरवतो. ही जागा बुद्धीची, म्हणून गोऱ्यांची, असा समज तिथं पिढ्यान् पिढ्या रुजला होता. दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय आहेत, असा सुपर बोलचा, म्हणजे अंतिम लढतीचा, पहिला सामना व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं. मुख्य प्रशिक्षक निवडताना मालकांची नजर बहुधा क्वार्टरबॅकला शिकवणाऱ्या, आक्रमणाची आखणी करणाऱ्या मंडळींवर जाते. म्हणजे विशीतल्या पोराला मैदानावरची जी जागा नाकारली, तिची किंमत तो पन्नाशीत प्रशिक्षकपदाच्या रांगेत उभा राहून मोजत असतो. ‘लायक उमेदवारच मिळत नाहीत’ हे वाक्य ऐकू आलं की लायकीकडे जाणारा रस्ता कुणी अडवला होता, हेही विचारायला हवं.

मग नियमानं काही साधलं का? सुरुवातीला तरी साधलं. २००६च्या हंगामात ३२ संघांपैकी सात संघांचे मुख्य प्रशिक्षक कृष्णवर्णीय होते. फेब्रुवारी २००७च्या सुपर बोलमध्ये दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय प्रशिक्षक उभे होते : इंडियानापोलिसचे टोनी डंजी आणि शिकागोचे लव्ही स्मिथ. डंजी जिंकले. हे स्मिथ एकेकाळी टॅम्पा बेला डंजींचेच सहायक होते. त्याच वर्षी पिट्सबर्गनं, म्हणजे खुद्द रूनींच्या संघानं, माइक टॉमलिन या चौतिशीतल्या तरुणाला मुख्य प्रशिक्षक केलं. तोही टॅम्पा बेला डंजींच्या हाताखाली शिकलेला. दोनच वर्षांत टॉमलिननं सुपर बोल जिंकून दिला. गंमत म्हणजे, टॉमलिनला बोलावण्यापूर्वीच पिट्सबर्गनं रॉन रिव्हेरा या दुसऱ्या अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घेतली होती. नियमाची अट तिथंच पुरी झाली होती. टॉमलिनला बोलावलं ते त्यांना त्याला भेटायचं होतं म्हणून. नियमाची गरज उरू नये, हेच नियमाचं यश. ते पिट्सबर्गमध्ये एकदा दिसलं.

इतरत्र मात्र पळवाटाही लगेच निघाल्या. नियम येण्याच्या सुमाराला, २००३च्या आरंभी, डॅलसच्या संघानं बिल पार्सेल्स यांच्याशी समोरासमोर तासन् तास चर्चा केली आणि डेनिस ग्रीन यांची मुलाखत टेलिफोनवर उरकली. त्याच वर्षी डेट्रॉइटला स्टीव्ह मारिउची हवे होते, हे साऱ्या गावाला माहीत होतं. ज्या कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना मुलाखतीसाठी विचारलं, त्यांनी ‘शोभेला कशाला येऊ?’ म्हणून यायचं नाकारलं. संघानं कुणालाही न भेटता मारिउचींना नेमलं. लीगनं संघाचे अध्यक्ष मॅट मिलन यांना दोन लाख डॉलर दंड ठोठावला. दंड झाला हे बरं झालं. पण त्यातून बाकीच्या संघांनी जो धडा घेतला असावा, तो वेगळाच : मुलाखत घेतल्याची नोंद हवी.

याचा बोलका पुरावा २०२० मध्ये मिळाला, तोही लाभार्थ्याच्या तोंडून. माइक मुलार्की हे गोरे प्रशिक्षक २०१६ मध्ये टेनेसीच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले होते. चार वर्षांनी एका ध्वनिमुद्रित गप्पांमध्ये त्यांनी सांगून टाकलं, की अल्पसंख्य उमेदवारांच्या मुलाखती होण्याआधीच ‘जागा तुमचीच’ असं मालकांनी आपल्याला सांगितलं होतं, आणि त्या बनावाचा भाग झाल्याची खंत आपल्याला कायम वाटत राहिली. संघानं हे नाकारलं. तेव्हा मुलाखत दिलेले रे हॉर्टन पुढे फ्लोरेस यांच्या दाव्यात सामील झाले.

इथे मला एक गोष्ट अनुभवानं माहीत आहे ती सांगतो. माझी नोकरीची वर्षं बँकेत गेली. बढतीच्या मुलाखतींचा हंगाम आला की सारी शाखा ढवळून निघायची. आडगावच्या शाखेतला अधिकारी रात्रभर एसटीनं प्रवास करून विभागीय कार्यालयात पोचायचा. स्टँडवरच्या नळावर तोंड धुऊन, पिशवीतला ठेवणीतला शर्ट चढवून, व्याजदर आणि परिपत्रकं घोकत बाकावर बसायचा. आत गेल्यावर त्याला खरे, अडचणीचे प्रश्न विचारले गेले तर घामाघूम होऊन बाहेर यायचा, पण त्याच्या चेहऱ्यावर समाधान असायचं. ज्याचा निकाल आधीच ठरलेला असे, त्याला मात्र फार गोड वागणूक मिळे. गाव कोणतं, मुलं किती, पाऊसपाणी कसं. पाच मिनिटांत चहा. असा माणूस बाहेर आला की त्याला कुणी ‘कशी झाली?’ असं विचारत नसे. कठीण प्रश्न हा मुलाखतीतला मोठा सन्मान असतो, हे मी त्या बाकावर शिकलो.

म्हणून रूनी नियमाचा नैतिक हिशेब मांडताना मी मालकापासून सुरुवात करत नाही, निवडून आलेल्या उमेदवारापासूनही नाही. मी त्या बोलावलेल्या आणि न घेतलेल्या माणसापासून करतो. खोट्या मुलाखतीची किंमत तो एकटा भरतो. संघाच्या रकान्यात बरोबरची खूण होते, लीगच्या अहवालातला आकडा वाढतो आणि त्याच्या हाती पडतो आणखी एक नकार. असे चार-पाच नकार साठले की लोकच म्हणू लागतात, ‘इतक्या ठिकाणी बोलावलं, कुणीच घेतलं नाही, म्हणजे काही तरी उणं असणार.’ संधीसाठी केलेली तजवीज त्याच्या नालायकीचा दाखला होऊन बसते. दुसरीकडे, ज्याची खरोखर गुणांवर निवड झाली त्याच्याकडेही ‘नियमानं आलेला’ म्हणून बोट दाखवलं जातं. एखाद्या माणसाला तुमच्या न्यायीपणाचा शिक्का म्हणून वापरणं, हा न बोलावण्यापेक्षा वेगळा आणि माझ्या मते अधिक सभ्य दिसणारा अन्याय आहे.

यावर ‘नियमच काढून टाका’ असं म्हणणारे बरेच आहेत. ते मला पटत नाही. नियम नसताना काय होतं, याचा अडुसष्ट वर्षांचा पुरावा समोर आहे. पळवाट निघाली म्हणून कायदा मोडीत काढायचा, तर एकही कायदा शिल्लक राहणार नाही. दुरुस्ती कुठं करायची हे पाहायला हवं.

कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एका विद्यापीठातल्या नेमणुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंतिम चार उमेदवारांत एकच स्त्री असेल, तर तिची निवड होण्याची शक्यता जवळजवळ शून्य. दोन असतील, तर शक्यता एकदम निम्म्यावर जाते. अल्पसंख्य वर्णांच्या उमेदवारांबाबतही त्यांना असंच चित्र दिसलं. कारण समजण्यासारखं आहे. चौघांत एकटी असलेली व्यक्ती अपवाद दिसते. दोघी असल्या की त्यांच्यात तुलना सुरू होते आणि तुलना सुरू झाली की गुण दिसू लागतात. ‘किमान एक’ या शब्दांतच नियमाची दुबळी बाजू होती. पुढे लीगनं मुख्य प्रशिक्षकपदासाठी संघाबाहेरच्या दोन अल्पसंख्य उमेदवारांची अट घातली आणि २०२२ मध्ये स्त्रियांचाही नियमात समावेश केला. त्याच वर्षी प्रत्येक संघाला आक्रमणाच्या विभागात स्त्री किंवा अल्पसंख्य वर्णातला एक सहायक प्रशिक्षक नेमायला सांगितलं. त्याच्या पगाराला लीगच्या निधीतून हातभार. हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. रस्ता जिथं अडला होता, तिथंच तो खुला करायचा हा प्रयत्न आहे.

२०२० पासून आणखी एक तरतूद आहे. आपल्याकडचा अल्पसंख्य सहायक दुसऱ्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, तर त्याला घडवणाऱ्या संघाला नवे खेळाडू निवडण्याच्या जादा संधी मिळतात. न्यायापोटी बक्षीस द्यावं लागतं, याचं वाईट वाटतं. पण बक्षीस घडवणाऱ्याला आहे, नेमणाऱ्याला नाही, हा भेद महत्त्वाचा. माणूस घडवायला वर्षं लागतात. नेमायला एक सही पुरते.

खेळाडू म्हणून हवा, पण प्रमुख म्हणून नको, ही वृत्ती अमेरिकेची मक्तेदारी नाही. चर्मकार समाजातल्या पळवणकर बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर हिंदूंच्या संघानं मुंबईत युरोपियनांना हरवलं. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पुण्यात त्यांना चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात मिळत असे. संघाचं कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये त्यांना डावललं गेल्यावर त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतलं. १९२३ मध्ये अखेर धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांवर मात करून स्पर्धा जिंकली. बाळूंची योग्यता कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. पण ‘कर्णधार म्हणून तुम्ही काय कराल?’ हा प्रश्न त्यांना विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

तो प्रश्न विचारायला लावणं हे रूनी नियमाचं खरं काम आहे. ते नीट व्हायचं असेल तर दोन गोष्टी हव्यात. साऱ्या मुलाखती संपेपर्यंत कुणालाही शब्द दिला जाऊ नये आणि दिल्याचं उघड झालं तर दंड डॉलरमध्ये न करता खेळाडू निवडीच्या हक्कात करावा; श्रीमंत मालकाला तोच जाणवतो. आणि कुणाला काय विचारलं, कुणाला का घेतलं नाही, याची लेखी नोंद राहावी, ती मागण्याचा हक्क नाकारलेल्या उमेदवाराला असावा. बँकेत दहा हजारांचं कर्ज नाकारतानाही कारण लिहावं लागे. पन्नाशीच्या माणसाचं स्वप्न नाकारताना तेवढं तरी करायला हरकत नसावी.

फ्लोरेस यांचा दावा लीगच्या अंतर्गत लवादाकडे न पाठवता न्यायालयात चालवता येईल, असं न्यायालयानं बहुतेक संघांच्या बाबतीत २०२३ मध्ये ठरवलं. २०२५ मध्ये वरच्या न्यायालयानंही ते कायम ठेवलं. त्याच वर्षी अमेरिकी सरकारनं असल्या सर्वसमावेशक धोरणांविरुद्ध मोहीम उघडली असताना लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी आपण ही वाट सोडणार नसल्याचं जाहीर केलं. दावा लावल्यावर फ्लोरेस यांना आता कुणी दारात उभं करणार नाही, असं अनेकांना वाटत होतं. त्याच महिन्यात त्यांना बोलावणं आलं. पिट्सबर्गच्या माइक टॉमलिन यांनी त्यांना आपले सहायक म्हणून घेतलं. मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची ती नव्हती. पण दुसऱ्याच आठवड्यापासून ते पुन्हा कामावर जाऊ शकणार होते, आणि या वेळी ज्यानं बोलावलं त्याला ते खरोखरच हवे होते.